यादीतली दोन नावं

बदलापूर गावातला रघुनाथ म्हसकर स्टेशनजवळच्या रिक्षा स्टँडमागे मान वर करून उभा होता. त्याला रिक्षा हवी आहे असं समजून दोघा-तिघांनी ‘कुठं जायचं काका’ म्हणून विचारलंसुद्धा.  रघू विजेच्या खांबाला बांधलेला फ्लेक्स बघत होता. फ्लेक्सवर चार गायकांचे फोटो होते, आणि उजवीकडून दुसरी त्याची मुलगी होती.

तेजल. सहा वर्षांनी तो तिचं तोंड बघत होता, आणि तेही असं खांबावर.

केस खांद्यापर्यंत कापलेले, गाल जरा भरलेले. खाली नाव होतं, नुसतं ‘तेजल’. आडनाव तिने टाकलं की छापणाऱ्याने, ते काही कळत नव्हतं, पण रघूला लागायचं तिथे लागलं. बाकीचं त्याने चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरओळखीवर हळूहळू वाचून काढलं. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम. रविवार, दुपारी चार. उल्हासनगर कॅम्प पाच, नवं एसी सभागृह. तिकीट ऑनलाइन. खाली एक काळा-पांढरा चौकोन आणि एक फोन नंबर.

रघूची अर्धी शेती कधीच इमारतींखाली गेली होती. उरलेल्या तुकड्यावर तो भात घ्यायचा, भेंडी लावायचा, आणि त्याच इमारतींपैकी एकीत सकाळ-संध्याकाळ पाण्याचा पंप चालवायचा. मुलगी एकुलती एक. गळा आईचा घेऊन आलेली. शाळेत बक्षिसं आणायची तेव्हा रघूच गावभर सांगत फिरायचा. पुढे कॉलेज करता करता ती एका ऑर्केस्ट्रात गाऊ लागली आणि सगळं फिरलं. ऑर्केस्ट्रा या शब्दाला गावात वेगळाच वास होता. ‘रघ्याची पोर बारमध्ये गाते’ असं कुणीतरी मारुतीच्या पारावर बोललं. ती बारमध्ये गात नव्हती. उल्हासनगरच्या सिंधी लोकांच्या लग्नांत, साखरपुड्यांत, साठीच्या कार्यक्रमांत गात होती. तिने आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. रघूने ऐकून घेतलं नाही.

“गाणं नायतर घर. काय ते एक ठरव,” तो म्हणाला होता.

त्याला वाटलं होतं पोर घाबरेल, रडेल, दोन दिवस जेवणार नाही आणि मग निवळेल. पण पोर त्याचीच होती. संध्याकाळच्या आत चार कपडे पिशवीत भरून ती विठ्ठलवाडीला मैत्रिणीच्या खोलीवर गेली. ती गेल्यावर रघूने घरात तिचं नाव काढायला बंदी घातली.

अंजनीने, त्याच्या बायकोने, नाव काढलं नाही. ती परसात कोंबड्यांना दाणे टाकायला जायची आणि तिकडेच बराच वेळ रमायची. तिचा तो छोटा बटणांचा मोबाइल कानाला लागलेला असायचा. कोंबड्यांना एवढा वेळ कसा लागतो हे न कळायला रघू काही दूधखुळा नव्हता. त्याने कधी विचारलं नाही. आतून त्याला ते बरंच वाटायचं. मायलेकींचं चालू आहे म्हणजे एक दोरी शिल्लक आहे, असं काहीतरी.

मग गेल्या आषाढात अंजनीला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग डॉक्टर, मग अंबरनाथचा दवाखाना. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

पुतण्या अभिजीत तेव्हा हळूच जवळ आला होता. “काका, तेजल इन्स्टावर हाय. मेसेज टाकू का? दोन तासांत येईल ती.”

रघूच्या डोक्यात त्या वेळी काय शिरलं होतं हे त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. दुःख तर होतंच. पण त्याच्याही वर एक आडमुठा राग होता, की जिच्यापायी घर मोडलं ती आता चार लोकांत येऊन रडणार आणि सगळे माझ्याकडे बघणार. तो म्हणाला, “कळवलंस तर या घराची पायरी चढायची नाय.” अभिजीतने फोन खिशात ठेवला. भावकीतल्या कुणीच तिला कळवलं नाही. नदीकाठी अग्नी देऊन सगळे घरी आले.

दहाव्याला घर माणसांनी भरलेलं असताना फडताळात अंजनीचा फोन वाजला. सगळ्यांनी ऐकला. कुणाचा असणार हे सगळ्यांना माहीत होतं. रघू उठला, फोन हातात घेतला आणि बटण दाबून धरलं. फोन बंद झाला. त्याने तो ट्रंकेत टाकला.

गणपतीत घर आवरताना ट्रंक उघडली गेली. रघूने काही विचार न करता फोन चार्जिंगला लावला. थोड्या वेळाने तो थरथरायला लागला आणि थांबेचना. तेजलच्या नंबरवरून एकेचाळीस मिस्ड कॉल आल्याचं कंपनीने कळवलं होतं. शेवटी एक मेसेज होता. रघूने तो चष्मा लावून, बोट ठेवून वाचला.

‘आई, बाबांना कळलं ना आपलं? म्हणून बंद केलास ना फोन? बरं. तू काही करू नको. भांडू नको त्यांच्याशी. मी थांबते. जमेल तेव्हा तू कर.’

त्या दिवशी घरात दीड दिवसाचा गणपती बसलेला होता आणि रघू आरतीला उभा राहू शकला नाही.

त्याने स्वतःच्या नव्या नंबरवरून तिला एकदा फोन लावला. “हॅलो, कोण?” तिचा आवाज आला. पुढचा प्रश्न काय असणार हे त्याला माहीत होतं. आई कशी आहे, हाच. त्याने कट केला. नंतर अभिजीतने स्वतःहून विचारलं, “आता तरी कळवू का, काका?” तर रघू म्हणाला, “नको. बातमी मी दाबून ठेवली, मीच सांगायची. तिच्यासमोर उभं राहून.” पण ती राहते कुठे हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माहीत करून घ्यायचा धीरही नव्हता. असे महिनेच्या महिने गेले. फाल्गुन उजाडला. आणि आता ती खांबावरून हसून बघत होती.

रघूने फ्लेक्सवरचा नंबर फिरवला.

पलीकडे एक मुलगी पाठ केल्यासारखं बोलली. “नमस्कार सर. तिकीट फक्त ऑनलाइन आहे, हॉलवर मिळणार नाही. तिकीटवाल्यांना गेट नंबर दोन. तीन वाजता गेट उघडेल, चारला शो सुरू. साडेचारनंतर आत सोडत नाही, आणि एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत येता येणार नाही. बाहेरचं खाणं, पाण्याची बाटली, मोठी पिशवी आणू नका. पार्किंगला जागा कमी आहे, शक्यतो रिक्षाने या. अजून काही?”

“ती गाणारी पोर... तेजल. ती भेटंल का? संपल्यावर?”

“सर, आर्टिस्ट कुणाला भेटत नाहीत.”

“मी तिचा...” रघू म्हणाला आणि अडखळला. सहा वर्षांत तो शब्द तोंडातून काढला नव्हता.

“सगळ्यांनाच भेटायचं असतं, काका,” पलीकडची मुलगी समजुतीने म्हणाली. “तिकीट काढून या, छान बसून ऐका.”

म्हणजे पोटच्या पोरीपर्यंत पोचायला आता तिकीट काढणं आलं. रघूला त्याचा राग आला नाही. उलट कुणीतरी रस्ता दाखवल्यासारखं वाटलं.

गावात सनीचं दुकान होतं. झेरॉक्स, आधार, लाइट बिल, पासपोर्ट फोटो, सगळं एका टेबलावर. सनी तिशीतला, बाहेरून येऊन इथे स्थिरावलेला, कुणाच्या घरात काय चाललंय याच्याशी त्याला घेणं नव्हतं. त्याने स्क्रीन रघूकडे वळवली. हिरवे-करडे चौकोन दिसत होते.

“हिरव्या खाली आहेत, काका. करड्या गेल्या. कुठली देऊ? हा वर स्टेज.”

“गाणारे बाहेर कुठनं पडतात?”

“ते यात नसतं दाखवलेलं.”

“मग कडेची दे. उठून जाता येईल अशी.”

“एकच ना?”

“एकच.”

रघूच्या फोनवर आकडे आले, ते सनीने घातले, आणि प्रिंटर घरघरला. “हा कागद जपून न्या. या चौकोनावर घडी पाडू नका हां. घडी पडली की मशीन वाचत नाही. आणि आता हे कॅन्सल होत नाही, काय?”

“कॅन्सल कशाला करू,” रघू म्हणाला.

रविवारी त्याने संध्याकाळच्या पंपाचं काम वॉचमनवर सोपवलं, पांढरा सदरा घातला, आणि सवयीने कागद चार घड्या करून खिशात सरकवला. बदलापूरहून अंबरनाथ, तिथून रिक्षा बदलून कॅम्प पाच. वाटेत त्याने काय बोलायचं ते जुळवून बघितलं. ‘तेजे, तुला एक सांगायचं हाय.’ यापुढे शब्दच येत नव्हते. साडेतीनला दहा कमी असताना तो सभागृहासमोर उतरला. सामोसे-कचोरीच्या गाड्या, भरजरी साड्या, अत्तराचा घमघमाट, सिंधीतून एकमेकांना मारलेल्या हाका. एवढी माणसं त्याच्या पोरीला ऐकायला आली होती. बार तर नव्हताच हा. म्हाताऱ्या बायका नातवंडांना घेऊन आल्या होत्या. हे बघायला तो सहा वर्षांत एकदाही आला नव्हता.

गेट दोनवर रांग झरझर सरकली. रघूची पाळी आली. मशीन कागदावर धरलं, पुन्हा धरलं, लाल दिवाच लागला. घडी बरोबर चौकोनातून गेली होती.

“काका, बाजूच्या टेबलावर जा. तिथे नाव चेक करतील.”

टेबलामागे पंचविशीची एक मुलगी बसली होती, गळ्यात कार्ड, कार्डावर ‘अनुया’. समोर छापील याद्या. तिने कागद सरळ करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

“नाव सांगा, काका.”

“रघुनाथ म्हसकर.”

तिचा हात थांबला. तिने मान वर केली, त्याला नीट बघितलं, मग तिकिटांची यादी बाजूला सारून खालची दुसरी ओढली. ती एकाच पानाची होती.

“रघुनाथ म्हसकर? बदलापूरचे?”

“हां.”

“अय्या, काका!” ती उभीच राहिली. “तुम्ही तिकीट कशाला काढलंत? तुमचं नाव गेस्ट लिस्टमध्ये आहे! हे बघा.” तिने पान त्याच्यासमोर धरलं. अक्षरं इंग्रजीत होती. ती बोट ठेवून वाचत गेली. “तेजलताईचे गेस्ट. अंजनी म्हसकर, रघुनाथ म्हसकर. ताई प्रत्येक शोला ही दोन नावं देते. तीन वर्षं झाली मला इथे, मी प्रत्येक वेळी टाइप करते. कधी कोणी येत नाही. मी एकदा म्हटलं, ताई, काढून टाकू का? तर म्हणाली, राहू दे, एखाद्या वेळी आलेच तर गेटवर अडायला नकोत.”

रघूने टेबलाची कड धरली.

“आई कुठेत? मागे राहिल्या का रांगेत?” अनुया त्याच्या खांद्यावरून गर्दीत बघू लागली. दोन हिरव्या कागदी पट्ट्या तिने आधीच हातात घेतल्या होत्या. एक त्याच्या मनगटाला गुंडाळून चिकटवली, दुसरी त्याच्या तळहातावर ठेवली. “ही आईंना बांधा. गेट एक, पहिली रांग. थांबा, मी ताईला कळवते!”

“बाय, ऐक जरा... तिला नको आता...”

पण अनुयाचा फोन कानाला लागलेला होता. “हां, ताईला दे. नाही? मेकअप चालूय? मग सांग तिला, आत्ताच्या आत्ता सांग, तिचे आई-बाबा आलेत! हो, दोघं! अगं खरंच!”

फोनमधून एक किंकाळी ऐकू आली. ती आनंदाची होती. रघूने ती ओळखली. दहावीचा निकाल लागला तेव्हा ती अशीच ओरडली होती, अंगणात.

त्याने अनुयाचं मनगट धरलं. कामाच्या माणसाचा हात, तिला तो जड लागला असणार. “बाय, तिची आई नाय. मी एकटाच आलोय. तिची आई वारली. तेच सांगायला आलोय मी. तिला ठाऊक नाय.”

 अनुयाने तोंडावर हात ठेवला. तिने कार्यक्रमाच्या आयोजकाला बोलावून घेतलं.

अल्पेश आला तो धावतच. चाळिशीचा, कानात यंत्र, कपाळावर घाम. त्याने रघूला गेटच्या आडोशाला नेलं, सगळं ऐकलं, आणि खाली बसल्यासारखा भिंतीला टेकला.

“कब हुआ, काका?”

“आषाढात.”

“आठ महिने?” त्याने विचारलं, आणि मग रघूच्या चेहऱ्याकडे बघून पुढचं विचारलं नाही. मग तो म्हणाला, “देखो काका, वीस मिनिटांत ती स्टेजवर जाणार. हॉल फुल्ल आहे. आता सांगितलं तर ती उभी नाही राहू शकत. आणि नाही सांगितलं तर...” त्याने मान हलवली. “मी पण बाप आहे. मला नाही कळत काय बरोबर. तुम्ही सांगा.”

रघूला वाटलं, आठ महिने मी तिला आई जिवंत असल्याच्या भ्रमात ठेवलं. त्यात अजून दोन तास. पण हे दोन तास वेगळे होते, हेही त्याला कळत होतं. आधी ती वाट बघत होती. आता तिला वाटत होतं वाट संपली.

“गाऊ दे तिला,” तो म्हणाला. “संपलं की सांगतो.”

त्याला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती. दिवे गेले, वाद्यं वाजली, आणि तेजल आली. निळी साडी, हातात माइक. तिने गाणी म्हटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुन्हा म्हणा म्हणून ओरडले. रघूला त्यातलं फार कळलं नाही. श्वास घ्यायच्या आधी ती हनुवटी किंचित उचलायची. अंजनी भात लावताना अशीच करायची, चिखलात वाकलेली असली तरी. एवढंच त्याला दिसत होतं.

पाचेक गाणी झाल्यावर तिने वादकांना हाताने थांबवलं.

“मला इथून कोणी दिसत नाही, डोळ्यांवर लाइट आहेत,” ती म्हणाली. आवाज कापत होता, पण ती हसत होती. “पण आज माझी आई या हॉलमध्ये बसली आहे. पहिल्यांदा. बाबांना घेऊन आली आहे. कसं जमवलंस गं आई?”

हॉलमध्ये टाळ्या उठल्या. लोक माना वळवून शोधायला लागले.

“आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत बायका शेतात गाणी म्हणतात. त्यातलं एक आई म्हणायची, तिच्या माहेरचं. कुठे लिहिलेलं नाही, मला पण अर्धंच येतं. चुकलं तर घरी गेल्यावर ओरड मला.”

आणि तिने वाद्यांशिवाय ते गाणं म्हटलं. पाण्यात पाय बुडालेल्या बायकांचं, सरळ, एका सुरात चालणारं गाणं. मधल्या एका कडव्याला ती अडली, तीच ओळ दोनदा म्हणून पुढे गेली. पुढचे शब्द रघूला येत होते. तीस पावसाळे त्याने बांधावर उभं राहून ते ऐकले होते. आता या हॉलमध्ये ते शब्द माहीत असलेला तो एकटाच होता.

मागच्या रांगेतली एक सिंधी आजी पुढे वाकून म्हणाली, “कितनी भाग्यवाली माँ है!” सगळे टाळ्या वाजवत होते. रघूनेही वाजवल्या. नाही वाजवल्या तर कुणी विचारेल असं त्याला वाटलं.

सहा वाजता कार्यक्रम संपला. अल्पेशने त्याला बाजूच्या दाराने आत नेलं. एक अरुंद बोळ, वाद्यांच्या पेट्या, गुंडाळलेल्या वायरी. टोकाच्या खोलीचं दार उघडं होतं. तेजल अनवाणीच धावत बाहेर आली, रघूच्या पायाशी वाकली, उठून त्याला मिठी मारली. सहा वर्षांचं बोलणं तिच्या तोंडातून एकदम बाहेर पडायला लागलं. “बाबा, वाळलात किती! कसे आलात? रिक्षाने? मला फोन करायचा ना, गाडी पाठवली असती. आई कुठंय? वॉशरूमला गेली का?”

“बस इथं,” रघू म्हणाला.

“बसते. आई?”

“तेजे, आई नाय आली.”

“नाही कशी? अनुया म्हणाली दोघं...”

“आई गेली.”

“कुठे गेली?” तिने विचारलं. आणि विचारता विचारताच तिला कळलं. तिचा चेहरा एकदम कोरा झाला, पुसून काढल्यासारखा. ती पेटीवर बसली.

“कधी?”

“आषाढात. दुसऱ्या शनिवारी. कावीळ झाली होती.”

ती मनात दिवस मोजत होती. ओठ हलत होते. “आईचा फोन येईना म्हणून मीच लावला होता,” ती हळू म्हणाली. “एकदा लागला होता. रिंग गेली होती. मग बंद झाला.”

“दहावा होता त्या दिशी. मी बंद केला.”

बोळात कुणीतरी ड्रमची पेटी ओढत नेत होतं. अल्पेशने त्याला खुणेने थांबवलं.

“तू?” ती म्हणाली. लहानपणी ती त्याला ‘तू’ म्हणायची, मोठी झाल्यावर सोडलं होतं. “तू माझ्या आईला माझ्याशिवाय जाळलंस?”

रघूने ‘हो’ म्हणून मान हलवली. 

“माझं नाव घेतलं होतं तिने?”

इथे त्याला खोटं बोलता आलं असतं. नाही, शुद्धीतच नव्हती, असं म्हणाला असता तर पोरीला तेवढंच कमी लागलं असतं, आणि त्यालाही. पण तो जे सांगायला आला होता ते हेच होतं. बाकी सगळं याच्यापुढे काही नव्हतं.

“घेतलं,” तो म्हणाला. “तिसऱ्या दिवशी. म्हणाली, तेजलला बोलवा. मी म्हटलं, उद्या बोलवतो. दुपारी परत म्हणाली. मी परत उद्या म्हटलं. मला वाटलं बरी होईल, आणि मग बोलवायची गरज नाय पडणार.” त्याने डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. “सकाळी गेली. मी तिला उद्याच सांगत राहिलो, पोरी.”

तेजल रडली नाही. निदान त्याच्यासमोर नाही.  मग तिने एकेक विचारलं. अंगावर कुठली साडी होती? हिरवी, दसऱ्याला घेतलेली. आंघोळ कुणी घातली? काकीने. वेणी घातली होती? रघूला आठवेना. “तेवढंपण नाही बघितलंस?” ती म्हणाली, आणि तिथे तिचा आवाज फुटला.

रघूने हात पुढे केला. ती मागे सरकली.

“बाबा, तुम्ही जा आता,” ती म्हणाली. पुन्हा ‘तुम्ही’. “मला तुमच्यासमोर रडायचं नाही.”

तो निघाला. दार बंद झालं आणि आतून जो आवाज आला तो त्याने बोळाच्या टोकापर्यंत ऐकला. अनुया तिथे रडून लाल झालेल्या डोळ्यांनी उभी होती. ती त्याच्याशी बोलली नाही, त्याच्या बाजूने आत धावली. बाहेर अजून उजेड होता. घोळके करून लोक रिक्षा शोधत होते आणि त्या शेतातल्या गाण्याबद्दल बोलत होते.

आषाढ पुन्हा आला. वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधी रघूने तिला फोन केला. तिने उचलला, पण बोलली नाही. त्याने तिथी सांगितली, वार सांगितला. “अकराला भटजी येतील. येशील तर ये,” एवढं म्हणून तो थांबला.  मग फोन ठेवला गेला.

ती आली. सव्वाअकराला, एकटी, साध्या सुती साडीत. ओटीवर बसलेली भावकी उठून उभी राहिली. काकीने तिला कवटाळलं आणि दोघी दारातच रडल्या. अभिजीतला तिच्याकडे मान वर करून बघता येईना. तेजल फोटोसमोर जाऊन बसली ती विधी संपेपर्यंत हलली नाही. मग ती बायकांत बसली. शेवटच्या दिवसांत आई काय बोलायची, काय खायची, कुणाला काय सांगितलं, सगळं विचारून घेतलं. कुणाला त्या गाण्याचं राहिलेलं कडवं येतं का, हेही विचारलं. आलं नाही कुणाला. म्हाताऱ्या बायकांनी आठवून बघितलं, दोन-दोन शब्द सांगितले, ते जुळले नाहीत.

रघू दाराच्या चौकटीशी उभा होता. त्याला येत होतं.

तो खाकरला. त्याला गळा नव्हता, गाणं म्हणजे बायकांचं काम असं तो जन्मभर म्हणत आलेला. त्याने ते कडवं नुसतं सांगितलं, पाढा म्हणावा तसं, जमिनीकडे बघत.  तेजलने वर बघितलं नाही. पण थोड्या वेळाने ती म्हणाली, “परत सांगा.” त्याने परत सांगितलं. तिने ओठांतल्या ओठांत ते घोळवून घेतलं.

ती जेवली, थोडं. ताट स्वतः घासून पालथं घातलं. निघताना तिने काकीला, शेजारणींना नमस्कार केला. रघूला केला नाही.

तो तिला रिक्षापर्यंत सोडायला गेला, दहा पावलं मागून. मारुतीच्या पारापाशी रिक्षा उभी होती. चढताना ती थांबली.

“मी तुमच्यासाठी आले नव्हते,” ती म्हणाली.

“ठाऊक हाय.”

“माफ नाही होणार माझ्याकडून. मी खूप प्रयत्न केला.”

“नको करू,” रघू म्हणाला. “माफी मागायला मी त्या दिशी आलोच नव्हतो.”

तिने मान हलवली आणि ती आत बसली. रिक्षा वळली, इमारतींच्या बाजूला गेली, दिसेनाशी झाली. रघू पाच वाजेपर्यंत पारावर बसून राहिला, मग पंप सुरू करायला गेला.